चौदाशे सालातली सुगी

सुगी आली की माझं टाळकं सरकतं. घरातले म्हणतात, म्हाताऱ्याला ऊन सोसत नाही. अरे, उन्हातच जन्म गेला माझा. सोसत नाही ती जोंधळ्याची कूस, कणसावरचा तो बारीक भुसा. रेणापूरकडून कणसांनी भरलेली गाडी दारावरून गेली, तिचा सुका, गोडसर, नाकात खाजणारा वास आत आला, की मला पंचविशीतला दिगंबर दिसतो. पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग, मान ताठ. त्याच्या कानफटात दोन द्याव्यात असं वाटतं.

यंदा तर निमित्तच झालं. वाचनालयाचे ग्रंथपाल घरी आले. चाळिशीचा सालस माणूस, जुन्या मासिकांची यादी करून राहिलेत. म्हणाले, "काका, तुमची एक गोष्ट सापडली बघा. ऐतिहासिक विभागात लावली." मी म्हटलं, ती ऐतिहासिक नाही. "पण पहिल्याच ओळीत चौदाशे साल लिहिलंय की. वर संपादकांची टीप आहे, बहामनी काळ म्हणून." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चहासुद्धा न विचारता त्यांना वाटेला लावलं. नंतर वाईट वाटलं, पण नंतरच. माझं हे असंच आहे, आधी तोंड सुटतं आणि मग अक्कल येते.

ते चौदाशे साल फसली होतं. आता हे कुणाला सांगायचं आणि कोण ऐकणार? निजामाच्या राज्यात आम्ही जन्मलो, वाढलो, तिथं साल फसली चाले. फसल म्हणजे सुगी. सरकारचा शेतसारा सुगीवर, म्हणून सालही सुगीचं. शाळेच्या दाखल्यावर फसली, जमिनीच्या कागदावर फसली, कचेरीच्या भिंतीवर फसली. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल निघतं, पण मिळवत बसतो कोण? आमच्याकडं साल म्हटलं की फसलीच. मी गोष्टीत नुसतं 'चौदाशे साल' लिहिलं, पुढं 'फसली' लिहिलं नाही. पाणी म्हटल्यावर ओलं असं कोण लिहितं? लिहिलं तेव्हा चौदाशे साल यायला पंचेचाळीस वर्षं होती. मी भविष्य लिहीत होतो, भविष्य. आणि ह्या लोकांनी ते नेऊन बहामनी सुलतानांच्या शेजारी पुरलं.

धंद्यानं मी अर्जनवीस. सकाळी न्याहारीआधी गोष्ट लिहायची आणि दहाच्या सुमाराला लातूरच्या कचेरीपुढं लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. अर्ज उर्दूत, गोष्टी मराठीत. दिवसभर उजवीकडून डावीकडं लिहिलेला हात सकाळी डावीकडून उजवीकडं वळवायचा. पहिल्या दोन ओळी तो रुसलेलाच असे. कुण्या मासिकाचा मी बांधील नव्हतो. पुण्यामुंबईच्या ज्या संपादकाला जे हवं ते लिहून पाठवायचं. एकाला वडावरचं भूत हवं, दुसऱ्याला चंद्रावरची अप्सरा. चंद्रावर हवा नाही, अप्सरा श्वास कशानं घेईल, असं मी कळवलं, तर गोष्ट साभार परत. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक. त्यांना आकाश दिसायचं ते पर्वतीवरून दिसेल तेवढं.

पाठवायचं तेही सरळ नाही. इथल्या डाकेत पाकीट कुठं फुटेल याचा भरवसा नव्हता. म्हणून गंजातला, म्हणजे मोठ्या बाजारातला, कुणी व्यापारी छोट्या गाडीनं बार्शी-सोलापूरकडं निघाला की मी स्टेशन गाठायचो. त्याच्या पिशवीत सरकीच्या नमुन्याखाली माझा मंगळ, म्हणजे मंगळावरची गोष्ट. निजामाच्या हद्दीपलीकडं गेल्यावर त्यानं तो डाकेत टाकायचा. कितीतरी मंगळ त्या सरकीतच राहिले असतील. गावात माझी ख्याती वेगळीच. चांदण्यांवरचं लिहितो म्हणून लोक मला हरवलेल्या म्हशीचा पत्ता विचारायला येत. जळकोटचा एक माणूस दोन दिवस चालत आला होता. मला काही कळत नाही म्हटल्यावर म्हणाला, "मंग लिवता कामून?"

मला आभाळ दाखवलं ते गफूर मास्तरांनी. आम्ही त्यांना मास्तरसाब म्हणायचो. वस्तानियात, म्हणजे आताच्या मिडल स्कुलात, ते विज्ञान शिकवायचे. सगळं उर्दूतून. त्यामुळं माझं विज्ञान जन्मलंच उर्दूत. गुरुत्वाकर्षण हा शब्द मी फार उशिरा ऐकला. मास्तरसाब 'कशिश' म्हणायचे. दगड खाली का येतो? जमिनीला त्याची कशिश आहे. चंद्र का पळून जात नाही? कशिश. सांगताना ते डोळे मिटायचे. उंच, वाकलेले, शेरवानीच्या कोपरावर ठिगळ, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. घरी बायको आणि तीन मुली. मी शाळा सोडली तरी आमचं बसणं-उठणं राहिलं. प्रत्येक गोष्टीचा कच्चा खर्डा आधी त्यांच्यापुढं. त्यांना मराठी छान वाचता यायची. गोष्टीत हिशेब चुकला की म्हणायचे, "दिगंबर, तेरा विमान तो बादमें उडिंगा, पहले इसका वजन सांग."

आणि मासिकात छापून येताना माझी कशिश काय व्हायची? "आपल्या लेखनात यावनी शब्दांचा सुळसुळाट फार. शुद्ध करून घेतले आहे." हे संपादकांचं पत्र. शुद्ध म्हणे. गंगेत बुडवून काढलं असेल.

त्या सुगीत रेणापूरच्या आमच्या खळ्यावर मास्तरसाब आले होते. रास मळून झाली होती आणि वारा पडला. उफणणी अडली. गडी वावडीवर, म्हणजे त्या तिपायी घडवंचीवर, भरलं सूप घेऊन ताटकळला. सगळं खळं वाऱ्याची वाट बघत गप्प. अंगावर भुसा, घामात भुसा, पाण्याच्या घागरीवर भुशाची साय. तासाभरानं एक झुळूक आली. गड्यानं सूप हलवलं, दाणे पायाशी पडले आणि भुसा सोनेरी होऊन लांब गेला. मास्तरसाब लहान मुलागत बघत होते. म्हणाले, "वारा दोघांना सारखाच ढकलतो बघ. भारी असतं ते जागेवर पडतं." मी म्हटलं, मास्तरसाब, वारा करणारं यंत्र काढलं तर? ते म्हणाले, "काढ ना. कागद तुझाच हाय."

मी काढलं. आठवडाभर सकाळी झपाटल्यासारखा लिहीत होतो. चौदाशे सालातली सुगी. खळ्यावर उन्हावर चालणारं यंत्र, ते वारा करतं. रेणापूरची बाई आरशासारख्या काचेत बघून उदगीरच्या बहिणीशी बोलते. शाळा मराठीत. रात्री खळ्यावर गाव जमतं, भाषण होतं, गाणी होतात. एक म्हातारा नात घेऊन कोपऱ्यात बसलाय आणि सवयीनं विचारतो, "चार माणसं जमवायची इजाजत घेतली का रे?" आणि नात विचारते, "आज्या, इजाजत म्हंजी काय?" बस. गोष्ट तिथं संपते. त्या काळात आमच्याकडं कथा-कीर्तनाला, सभेला, पुस्तकांच्या खोलीला, कशालाही सरकारी इजाजत लागे. मी स्वतः तसले शेकड्यानं अर्ज लिहिलेले. त्यामुळं ते वाक्य लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली. उगाच सांगत नाही. आयुष्यात मी चांगलं लिहिलं ते तेवढंच.

सुभद्रा, माझी बायको, जोंधळे निवडत ऐकत होती. तिनं चार इयत्ताही पुऱ्या केल्या नव्हत्या, पण गोष्टीचं तिला बरोबर कळे. म्हणाली, "पोरगी लई ग्वाड हाय. पर अमिनाला कळलं तर तुमाला फोडून काढील." अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. मी म्हटलं, त्याला मराठी कुठं येते? मास्तरसाबांनी वाचली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. मग म्हणाले, "छाप."

छापून आली ती पुढच्या सुगीत. व्यापाऱ्यानं सोलापूरहून अंक आणला. मी कचेरीपुढच्या लिंबाखाली उभ्याउभ्या उघडला. वर टीप: बहामनी काळातील एक अद्भुतरम्य कथा. उन्हावर चालणाऱ्या यंत्राचा केला होता मांत्रिकानं भारलेला रथ. काचेची जादूची आरसी झाली होती. शाळेची पाठशाळा, आणि म्हातारा 'जुलमी सुलतानाची' इजाजत विचारत होता. नात मात्र तेच विचारत होती, तिला हात लावायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी त्या संपादकाला दोन पानं पत्र लिहिलं. त्यातले शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. उत्तर आलं एका ओळीचं: 'चौदाशे साली यंत्रे नव्हती, हे आपण ध्यानात घ्यावे.' मला गाढवाला गुळाची चव काय ही म्हण त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजली.

आणि आठ दिवसांत चौकीचं बोलावणं. अंक कुणी पोचवला ते कळलं नाही. माझ्याच शेजारी बसणारा एखादा अर्जनवीस असेल. सकाळची वेळ होती. चौकीत शिपाई ऊस खात होते, टेबलावर माझा अंक. अमीनसाहेबांना मराठी येत नव्हती, शिव्यांपुरती येत होती. वाचून उर्दूत तर्जुमा करायला त्यांनी शाळेतून माणूस मागवला होता. आत आले ते गफूर मास्तर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. स्टुलावर बसले, चष्म्याची दांडी कानामागं बसवली आणि पहिली ओळ उर्दूत सांगितली.

अमीन ताठ झाला. "चौदा सौ?" बोटांवर मोजून त्यानं हिशेब केला. "यानी चवालीस बरस आगे का? आगे इजाज़त नहीं रहेगी? तो सरकार कहाँ जाएगी?"

काय सांगू मला काय वाटलं. भ्यालो हे खरं, पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला आनंद झाला. पुण्यामुंबईच्या सगळ्या शहाण्यांना जे समजलं नाही ते ह्या माणसाला पहिल्या ओळीत समजलं. तोही फसलीतलाच. माझ्या गोष्टीचा एकमेव खरा वाचक हातात छडी घेऊन बसला होता.

मास्तरसाब शांतपणे म्हणाले, "आगे का नहीं साहब, पीछे का. परचा पूने का है, वहाँ ईसवी चलती है. ये देखिए, ऊपर छपा है, बहमनी ज़माना. जादू-टोने का पुराना क़िस्सा है."

"लिख के दो," अमीन म्हणाला.

मास्तरसाबांनी लिहून दिलं. सगळ्या गोष्टीचा तर्जुमा, खाली 'क़दीम ज़माने का क़िस्सा', म्हणजे जुन्या काळची गोष्ट, आणि पूर्ण नावानिशी सही. अमिनानं दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं आणि माझ्या घरचा मूळ खर्डा त्याच्या हाती लागला असता, तर मास्तरसाबांची शाळा गेली असती आणि ते माझ्या आधी आत गेले असते. त्यांना हे माहीत होतं. मलाही होतं.

मग अमीन माझ्याकडं वळला. "क्यों रे? पुरानी बात है?"

मी म्हणालो, "जी. पुरानी."

दोन शब्द. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात. मी स्वतःच्या तोंडानं माझं चौदाशे साल मागं ढकललं. त्या नातीला पाचशे वर्षांपूर्वी नेऊन मारलं. आणि हा राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून जवळ होता त्याच्यावर काढला. बाहेर आल्यावर भर रस्त्यात मी मास्तरसाबांना म्हणालो, "तुम्ही माझी गोष्ट मारली."

"गोष्ट दुबारा लिहिता येती, बाबा," ते म्हणाले. "तुला दुबारा कोण लिहिल?"

तेव्हा तरी मी गप्प बसायचं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "शेवटी तुम्ही त्यांचेच." मास्तरसाबांनी चष्मा काढला, शेरवानीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. शाळेचा तास सुरू व्हायचा होता, ते शाळेकडं गेले.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो नाही. करडईच्या काढणीची वेळ होती. करडई पहाटेच्या दवातच काढावी लागते, ऊन चढलं की काटे हाताची चाळण करतात. मी मुद्दाम उन्हात काढायचो. सुभद्रा एरंडीचं तेल लावता लावता बोलायची, "मास्तरसाबाकडं जाऊन या. तोंड चालवायला लई येतं, पाय चालवायला येत न्हाई का?" मी म्हणायचो, जातो. ह्या 'जातो'वर माझे दोन पावसाळे गेले. खर्डे फाडून टाकले होते, नवीन लिहायला घेतलं की ते 'जी, पुरानी' मधे येई आणि मी लेखणी ठेवून देई.

मग निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत आधी एका बाजूनं घरं जाळली, मग दुसऱ्या बाजूनं. मी ते पाहिलेलं आहे आणि त्याविषयी ज्यांना अभिमान वाटतो त्यांच्याशी मी बोलत नाही. लातुरात नवे साहेब आले. चौकशी सुरू झाली, अमिनासाठी कोण कोण काम करत होतं. चौकीच्या कपाटातून कागद निघाले. त्यात एक तर्जुमा निघाला, खाली पूर्ण नावानिशी सही.

मला सन्मानानं बोलावलं. खुर्ची दिली. साहेब मराठीत बोलत होते, स्वच्छ, गोड मराठीत. सरकारी खुर्चीवरून मराठी मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. ते म्हणाले, "तुम्हाला लिखाणापायी त्रास झाला, असं ऐकतो. तुमच्यासारख्यांमुळेच हा दिवस दिसला." मी फुगलो. खोटं कशाला सांगू, चांगला फुगलो. मग त्यांनी तो कागद पुढं केला.

"ही सही ओळखता?"

"होय."

"अमिनाच्या चौकीत बसून तुमच्या लिखाणाचा तर्जुमा यांनीच करून दिला?"

"होय."

"कुणी जबरदस्ती केली होती? की स्वखुशीनं?"

इथं मी थांबलो. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी मला वाचवायला खोटं लिहून दिलं, एवढंच. पण ते सांगायचं तर पुढचं सांगावं लागलं असतं, की मीही तिथं उभा राहून 'जी, पुरानी' म्हणालो. खुर्ची दिलेल्या माणसाला ते सांगवेना. आणि तो जुना राग अजून आत धुमसत होताच. म्हणालो, "स्वखुशीनं."

तिन्ही उत्तरं खरी होती. साहेबांनी ती लिहून घेतली, वाचून दाखवली, मी सही केली. महिन्याभरात गफूर मास्तरांना शाळेतून काढलं.

आपलेच दात, आपलेच ओठ असं लोक म्हणतात. माझं तसं नाही. ओठ मास्तरसाबांचे होते, दात माझे. संपादकावर मी चिडतो, ग्रंथपालावर चिडतो, अमिनावर तर मेल्यावरही चिडीन. पण त्यांनी फक्त माझी गोष्ट बिघडवली. फसली चौदाशे साल खरोखर आलं तेव्हा मी सत्तरीत होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही, फसली आता कुणाला माहीत आहे? मी वर्षभर कॅलेंडरकडं बघत होतो आणि ज्याला हे सांगावं असा एकच माणूस मला आठवत होता.

शाळा गेल्यावर मास्तरसाब हैदराबादला निघाले तेव्हा सुगी भरात होती. मुलींचा मामा तिकडं होता म्हणे. सकाळी त्यांची बैलगाडी आमच्या दारापुढं थांबली. मागं बिछाने, एक पेटी, बुरखा घेतलेली बायको आणि तीन मुली. ते उतरून उंबऱ्यापर्यंत आले. आत आले नाहीत.

"दिगंबर," ते म्हणाले, "मी खोटं लिहून दिलं होतं. तू खरं सांगितलंस. मास्तर म्हणून मला त्यात चूक काढता येत न्हाई."

आवाज चढलेला नव्हता. वर्गात बोलावं तसे बोलले. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि जे तोंड जन्मभर नको तिथं सुटलं ते तेव्हा सुटलं नाही. ते वळले. सुभद्रानं घाईघाईनं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला आणि गाडीमागं चालत गेली, थेट गंजापर्यंत. मी उंबऱ्याच्या आतच उभा राहिलो.

परत आली ती डोळे पुसतच. मग जोंधळे निवडायला बसली आणि खाली बघत म्हणाली, "इचारून राहिले होते, दिगंबर सध्या काय लिवतो म्हणून. मी काय सांगायचं होतं?"

उत्तर नंतर कधी सुचलं असतं तर कळवायला त्यांचा पत्ताही मी मागून घेतला नव्हता.